व्हिडिओ खेळ : ग्राहकांच्या सवयी व उद्योगाचे वळण

दूरचित्रवाणी संच, संगणक, मोबाईल दूरध्वनी किंवा खास बनविलेले यंत्र यांच्या पडद्यावरील चित्रे कळ, दांडी अथवा बोटाचा स्पर्श यांच्या साहाय्याने हालवून जो खेळ खेळला जातो, त्यास व्हिडिओ खेळ म्हणतात. अशा खेळांचा दर्जा त्यांच्या निर्मात्यांच्या कसबावर अवलंबून असतो हे उघड आहे. तथापि कोणत्या प्रकारचे खेळ बनतील, त्यांत किती परिश्रम ओतले जातील व कोणते दोष तसेच राहू दिले जातील, हे बऱ्याच अंशी ग्राहक कशाचे पैसे देतो, केव्हा देतो आणि कोणाला देतो यांवरून ठरते. महाराष्ट्रात गेल्या सु. चार दशकांत खरेदीच्या सवयी चार-पाच वेळा पालटल्या. त्या प्रत्येक पालटाबरोबर खेळांचे रूपही बदलले.

व्हिडिओ खेळ ही अर्थशास्त्रीय दृष्ट्या काहीशी वेगळी वस्तू आहे. तिचा जवळजवळ सर्व खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतच होतो. त्यानंतरच्या प्रतींचा उत्पादनखर्च नगण्य असतो. शिवाय तिचा दर्जा विकत घेऊन काही काळ वापरल्यावरच कळतो. अशा वस्तूंच्या बाजारपेठेचे विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. विक्रेत्याला दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो, त्या किंमतीत चांगला माल परवडत नाही आणि तो बाजारातून हळूहळू निघून जातो. ॲकरलॉफ यांनी याच निबंधात भारतातील बाजारात तांदळामध्ये मिसळल्या जाणाऱ्या खड्यांचाही दाखला दिला आहे. तांदूळ निवडून घेता येतो. खेळ मात्र घरी आणून निवडता येत नाही. याउलट, ग्राहकाने दर्जाची नेमकी कसोटी लावली तर उत्पादक तिला कसा प्रतिसाद देतो, हे नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत दिसते. युरोपातील खरेदीदार मण्यांचा आकार, साखरेचे प्रमाण आणि कीटकनाशकांचे अवशेष तपासून माल घेतो, म्हणून निर्यातीच्या बागेत घडांची विरळणी आणि फवारणीची नोंद काटेकोरपणे होते. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत अशी कसोटी लावणारा ग्राहक फार उशिरा व अर्धवटच तयार झाला.

अमेरिकेतील पडझड : या व्यवसायातील सर्वांत बोधक घटना १९८३ ची होय. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा पाँग हा खेळ लोकप्रिय झाल्यानंतर आणि १९७७ मध्ये त्याच कंपनीचे खेळांच्या कॅसेटी बदलता येणारे यंत्र बाजारात आल्यानंतर घरोघरी खेळ विकत घेण्याची प्रथा पडली. पालक मुलांसाठी खेळ घेत ते वेष्टनावरील चित्र किंवा प्रसिद्ध चित्रपटाचे नाव पाहून. त्यामुळे नाव मिळविण्यावर पैसा खर्च होऊ लागला आणि खेळ बनविण्यावरचा वेळ घटला. १९८२ च्या नाताळासाठी ई. टी. या चित्रपटावरील खेळ सु. पाच आठवड्यांत उरकण्यात आला. त्याच वर्षी पॅक-मॅन या खेळाच्या सु. १ कोटी २० लाख कॅसेटी काढण्यात आल्या, पण सु. ७० लाखच खपल्या. फसलेल्या ग्राहकांनी तक्रारी केल्या नाहीत. त्यांनी पुढची खरेदीच थांबविली. दुकानदारांनी साठा मिळेल त्या भावाने काढून टाकला आणि स्वस्त मालाच्या ढिगापुढे पूर्ण किंमतीचे चांगले खेळही विकले जाईनासे झाले. १९८३ मधील सु. ३२० कोटी डॉलरांची उलाढाल १९८५ पर्यंत सु. १० कोटी डॉलरांवर आली. न्यू मेक्सिको राज्यातील ॲलॅमगोर्डो येथे पुरण्यात आलेल्या कॅसेटी २०१४ मध्ये उकरून काढण्यात आल्या.

या अनुभवावरून जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेत आपले यंत्र आणताना दर्जाची हमी ग्राहकावर न सोडता स्वतःकडे घेतली. अनधिकृत कॅसेट चालू नये म्हणून यंत्रात कुलूपवजा चकती बसविण्यात आली, परवानाधारकाने वर्षाला पाचच खेळ काढावेत असे बंधन घातले गेले आणि वेष्टनावर दर्जादर्शक मुद्रा छापण्यात आली. याच यंत्राच्या १९८३ मधील मूळ जपानी आवृत्तीत अशी चकती नव्हती. त्यामुळे तिची नक्कल करणे सोपे ठरले आणि ही नक्कलच पुढे भारतात पोहोचली.

महाराष्ट्रातील ग्राहक : नव्वदीच्या दशकात मुंबई, पुणे, नाशिक, जळगाव इ. शहरांतील मध्यमवर्गीय घरांत आलेला ‘टी. व्ही. गेम’ समुराई या नावाने किंवा अन्य अनेक नावांनी विकल्या जाणाऱ्या यंत्राचा असे. त्यांपैकी बहुतेक यंत्रे जपानी यंत्राच्या नकला होत्या. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटींवर निर्मात्याचे नाव नसे. असे ते खेळांच्या संख्येचे. पालक दुकानात एकच प्रश्न विचारीत : किती खेळ आहेत ? चौसष्ट खेळांच्या कॅसेटीपेक्षा नऊशे नव्व्याण्णव खेळांची कॅसेट सरस, आणि ‘९९९९ खेळ’ असे छापलेली तिच्याहून सरस, हा हिशेब सार्वत्रिक होता. उत्पादकांनी या कसोटीला तंतोतंत प्रतिसाद दिला. कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच वेगळे खेळ असत. बाकीच्या नोंदी म्हणजे तेच खेळ दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, नावे किंवा रंग पालटलेले. ग्राहकाने संख्येला दर्जा मानले की संख्या वाढते, दर्जा नव्हे, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे सापडणे कठीण. मुलांनी मात्र या मर्यादेवर तोड काढली होती. कॅसेटींची अदलाबदल आणि दिवसाच्या भाड्याने कॅसेटी देणारी दुकाने यांमुळे कोणता खेळ खरोखर चांगला, याची माहिती वर्गावर्गांतून फिरत असे. पण ही माहिती खेळ बनविणाऱ्या जपानी कंपन्यांपर्यंत पैशाच्या रूपाने कधीच पोहोचली नाही.

व्हिडिओ गेम पार्लरमधील व्यवहार निराळा होता. तेथे ग्राहक खेळ विकत न घेता नाणे किंवा टोकन टाकून एक डाव विकत घेई. मालकाचे उत्पन्न दर तासाला किती टोकने पडतात यावर अवलंबून असल्याने यंत्रावरील खेळ पहिल्या मिनिटात मन वेधणारे आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खेळाडूला बाद करणारे असत. कॅपकॉम या जपानी कंपनीचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (१९९३) हा खेळ भारतभर त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला जाई. एका टोकनात शेवटापर्यंत जाणाऱ्या मुलाभोवती घोळका जमे, आणि पार्लरमालकाला तो मुलगा फारसा आवडत नसे. पुढे सायबर कॅफेमध्ये तासाच्या दराने संगणकावर खेळण्याची पद्धत आली. तेथेही पैसा जागेच्या मालकाला मिळे, खेळाच्या निर्मात्याला नाही.

संगणक घरी आल्यावर नकली तबकड्यांचा काळ सुरू झाला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि त्याच्या धर्तीवरील शहरोशहरीच्या बाजारांत मूळ किंमतीच्या अल्पांशात कोणताही खेळ मिळे. विकत घेणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नसे; अधिकृत प्रतीची किंमत पाश्चात्त्य उत्पन्नमानाला धरून ठरविलेली असल्याने ती बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती, हेही खरेच. परंतु या सवयीची किंमत क्रिकेटच्या खेळांना मोजावी लागली. इ. ए. स्पोर्ट्स या कंपनीचा २००६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला क्रिकेट ०७ हा भारतात अफाट खेळला गेला. संघांचे पोशाख व खेळाडूंच्या याद्या हौशी मंडळी पुढे अनेक वर्षे स्वतःच अद्ययावत करीत राहिली. पण क्रिकेटचा खेळाडूवर्ग भारतीय उपखंडात आणि अधिकृत प्रत विकत घेणारा ग्राहक प्रामुख्याने ब्रिटन व ऑस्ट्रेलियात, अशी ही विषम परिस्थिती होती. या मालेतील तो शेवटचा खेळ ठरला. फुटबॉल किंवा बास्केटबॉल यांच्या खेळांना दरवर्षी नवी आवृत्ती मिळत असताना क्रिकेटला कित्येक वर्षे तोलामोलाचा खेळ मिळाला नाही. ॲशेस क्रिकेट २०१३ हा खेळ तर इतका सदोष निघाला की प्रकाशकाला तो काही दिवसांतच मागे घेऊन पैसे परत करावे लागले. नंतर ही पोकळी काहीशी भरून निघाली ती मोबाईलवर, पुण्याच्या नॉटिलस मोबाईल या संस्थेची रिअल क्रिकेट आणि चेन्नईची वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप या मालांमुळे.

मोबाईल व विनामूल्य खेळ : मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंदल यांनी स्थापन केलेली इंडियागेम्स ही कंपनी साध्या मोबाईल संचांवरील खेळ विकू लागली, तेव्हा खेळाची रक्कम ग्राहकाच्या दूरध्वनीच्या शिलकेतून वळती होई आणि तीतील मोठा वाटा दूरध्वनी कंपनी ठेवून घेई. छोट्या पडद्यावरील यादीत वरच्या क्रमांकावर आलेला खेळ खपे. साहजिकच चित्रपटांची व क्रिकेटपटूंची नावे लावलेले खेळ भराभर निघाले. १९८२ मध्ये अमेरिकेत जे घडले, त्याची ही लहान प्रमाणावरील पुनरावृत्ती म्हणता येईल. फरक एवढाच की येथे एका खेळाची किंमत अल्प असल्याने फसवणुकीचा संताप साचला नाही.

२०१६ हे वर्ष निर्णायक ठरले. रिलायन्स जिओच्या आगमनानंतर इंटरनेटचे दर कोसळले, स्वस्त स्मार्टफोन सर्वत्र पोहोचले आणि नाशिकच्या महात्मा गांधी मार्गावरील मोबाईल-दुकानांपासून तालुक्याच्या गावापर्यंत खेळण्याचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले. मोबाईल खेळ उतरवून घेणाऱ्यांच्या संख्येत भारत जगात आघाडीवर गेला. मात्र खेळांवर होणाऱ्या दरडोई खर्चात तो फार मागे राहिला. नकली तबकडीच्या काळात वाढलेल्या पिढीला खेळ फुकटच असतो असे वाटत होते. उद्योगाने ही समजूत खोडून काढण्याऐवजी तिच्याभोवतीच व्यवसायाची उभारणी केली.

विनामूल्य खेळात उत्पन्नाचे दोन मार्ग असतात : जाहिराती, आणि खेळातील पोशाख, शस्त्रे, ‘जीव’ किंवा वेळ यांची फुटकळ विक्री. खेळणाऱ्यांपैकी अगदी थोडेच लोक पैसे देतात आणि त्यांतील मूठभर लोक फार मोठी रक्कम देतात. परिणामी बहुसंख्य खेळाडू हे ग्राहक न राहता त्या मूठभरांना दाखविण्याची गर्दी ठरतात. खेळाच्या रचनेतही त्यामुळे बदल होतो. पुढची पातळी मुद्दाम लांबविणे, रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस देणे, हरण्याच्या क्षणीच विक्रीचा फलक दाखविणे या युक्त्या कथेपेक्षा व रेखनापेक्षा महत्त्वाच्या होतात. पार्लरमधील टोकनाची चौथ्या मिनिटाची युक्तीच नव्या रूपात येथे परतली आहे. तरीही या पद्धतीतून सर्व वाईटच निघाले असे म्हणता येत नाही. पबजी मोबाईल (२०१८) हा खेळ पैसे न देणाऱ्यासही पूर्णपणे खेळता येत असे व विकत मिळणाऱ्या वस्तू मुख्यतः शोभेच्या होत्या. त्याच्या लोकप्रियतेचे ते एक कारण होते. २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर केंद्र सरकारने बंदी घातली व जुलै २०२१ मध्ये तो भारतासाठी वेगळ्या नावाने पुन्हा आला. नवी मुंबईतील गेमेशन टेक्नॉलॉजीज या संस्थेने २०१६ मध्ये काढलेला ल्यूडो किंग २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. घरातील आजी जो खेळ पटावर खेळली होती, तोच हा असल्याने त्याचा दर्जा आधीच सर्वांना ठाऊक होता. अनुभवाआधी दर्जा न कळण्याची अडचण येथे उद्भवलीच नाही.

पुण्यातील निर्मिती : पुणे हे व्हिडिओ खेळांच्या निर्मितीचे देशातील एक प्रमुख केंद्र होय. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टची येथील शाखा घेतली. परदेशी खेळांची चाचणी, दुसऱ्या यंत्रांसाठी रूपांतर आणि चित्रकामाचा काही भाग ही कामे येथे दीर्घकाळ होत आली आहेत. हे कुशल मनुष्यबळ स्वतःचा खेळ बनवू लागते तेव्हा त्याच्यापुढे घरच्या ग्राहकाचा प्रश्न उभा राहतो. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील लहान गटाने राजी : ॲन एन्शंट एपिक या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचे आवाहन केले. पौराणिक कथा, राजस्थानी वास्तुशैली आणि लघुचित्रांची रंगपद्धती यांवर बेतलेल्या या खेळाला तेव्हा पुरेशी वर्गणी जमली नाही. तो २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर प्रकाशित झाला, म्हणजे ज्या यंत्राचा ग्राहक प्रामुख्याने भारताबाहेर होता अशा यंत्रावर. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठी त्याचे नामांकन झाले. भारतीय पुराणकथेवरील खेळाचा खर्च परदेशी खरेदीदाराच्या खिशातून निघावा, ही स्थिती विचार करावयास लावणारी आहे. मराठी भाषेतील खेळ तर तुरळकच आढळतात. मराठी चित्रपटाला तिकिटाचा आणि मराठी पुस्तकाला ग्रंथालयाचा आधार आहे. मराठी खेळाला असा नियमित खरेदीदार लाभलेला नाही. विनामूल्य खेळांच्या वाटेने पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेने इंडस बॅटल रॉयल हा भारतीय कल्पनाविश्वावर आधारलेला खेळ २०२४ मध्ये आणला.

ग्राहकांची नापसंती विक्रीआधीच व्यक्त झाली तर काय होते, याचा प्रत्ययही पुण्याला आला. प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम या २००३ मधील गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखा करीत असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख देण्यात आली. पहिलेच चलच्चित्र पाहून जगभरच्या खेळाडूंनी त्यातील चेहरे व प्रकाशयोजना जुनाट असल्याची टीका केली. प्रकाशन पुढे ढकलले गेले आणि २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रिऑल शाखेकडे सोपविण्यात आले. टीका रास्त असली, तरी अपुऱ्या मुदतीत मोठे काम पेलू पाहणाऱ्या कारागिरांनाच तिची झळ पोहोचते, हे या प्रकरणात विसरता येत नाही.

आगाऊ खरेदी व परतावा : प्रकाशनापूर्वीच पैसे भरून खेळ राखून ठेवण्याची प्रथा कॅसेटी-तबकड्यांचा साठा मर्यादित असताना सोयीची होती. इंटरनेटवरून प्रत उतरविताना साठा संपत नाही, तरी प्रथा टिकून राहिली. दर्जा कळण्यापूर्वीच पैसे हाती पडत असल्याने खेळ पूर्ण करण्याचा दबाव त्यामुळे सैल होतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या सायबरपंक २०७७ या खेळाची डिसेंबर २०२० मध्ये सु. ८० लाख प्रतींची आगाऊ विक्री झाली होती. जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष चालला की सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला व ग्राहकांना पैसे परत दिले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीस आला. उलटपक्षी स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानाने २०१५ च्या जूनपासून चौदा दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत घेण्याची सोय केली आणि त्याच वर्षी भारतात रुपयांतील किंमती सुरू केल्या. या दोन गोष्टींनी जे साधले, ते नकली तबकड्यांविरुद्धच्या धाडींनी साधले नव्हते : अनेक भारतीय खेळाडू प्रथमच अधिकृत ग्राहक झाले.

संघटित नकाराचा परिणाम लवकर दिसतो. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या खेळातील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरांना विकायला काढले तेव्हा त्याची थट्टा झाली, पण ते खपले आणि प्रघात रूढ झाला. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ मधील नशिबावर चालणाऱ्या पेट्यांबद्दल इतका गदारोळ झाला की प्रकाशनाच्या आदल्या दिवशी विक्री थांबवावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पेट्या जुगार ठरविल्या. महाराष्ट्राला संघटित खरेदीची परंपरा नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ग्राहक पंचायत आणि १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत यांनी धान्य-किराण्याच्या दर्जासाठी जे केले, त्याला खेळांच्या क्षेत्रात मात्र येथे प्रतिरूप निर्माण झालेले नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये इंटरनेटवरील खरेदीही संरक्षणाच्या कक्षेत येते व ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी तक्रार करता येते. म्हणजे नाशिकचा रहिवासी दूरच्या विक्रेत्याविरुद्धही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. शंभर-दोनशे रुपयांच्या आभासी वस्तूसाठी कोणी सहसा जात नाही, आणि विक्रेत्यांना ते ठाऊक असते.

पैशांचे खेळ : ग्राहकांचा कल उद्योगाला कोठवर नेऊ शकतो याचा टोकाचा नमुना म्हणजे पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ. भारतीय ग्राहक खेळासाठी पैसे देत नाही, पण जिंकण्याच्या आशेने देतो, हे ध्यानात येताच भांडवल रमी, पोकर व काल्पनिक क्रिकेटसंघ यांकडे वळले. मुंबईची ड्रीम ११ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कंपनी. तिचा खेळ कौशल्याचा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मानले होते. ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. कर्जबाजारीपणाच्या व आत्महत्यांच्या घटनांची चर्चा वाढत गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा अधिनियम संमत केला. त्यानुसार पैशांचे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. क्रीडास्वरूपाच्या व सामाजिक खेळांना मात्र उत्तेजन देण्याचे धोरण त्यात आहे. ड्रीम ११ ने लगोलग आपल्या सशुल्क स्पर्धा बंद केल्या.

मालकी की परवाना : तबकडी विकत घेणारा ती मित्राला देऊ शकत असे, जुनी झाल्यावर विकू शकत असे, शहरांतील लहान दुकाने या देवघेवीवर चालत. इंटरनेटवरून घेतलेल्या प्रतीच्या बाबतीत ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. युबिसॉफ्टचा द क्रू हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले संगणक बंद करताच पैसे भरलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. त्यानंतर सुरू झालेल्या मोहिमेतून युरोपीय संघाकडे पाठविण्याच्या विनंतिअर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या कायद्याने अशा परवान्याची विक्री करताना, ग्राहकाला तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज, ‘विकत घ्या’ हा शब्दप्रयोग करण्यास विक्रेत्यांना मनाई केली आहे.